मेम्ब्रेन म्हातारं झालंय की व्हॅक्यूम आजारी आहे? अल्कोहोल-पाणी वेगळं करणाऱ्या पॉलिमर मेम्ब्रेनचं वय ओळखण्याची पद्धत

एप्रिल सरत आला की डिहायड्रेशन युनिटच्या लॉगबुकात एक ओळ हमखास येते: 'पर्मिएट कमी, मेम्ब्रेन जुनं झालं असावं.' पर्मिएट म्हणजे मेम्ब्रेन ओलांडून पलीकडे आलेला माल, मुख्यतः पाणी. तेच मॉड्यूल (मेम्ब्रेनच्या शीटचा संच) जुलैच्या झडीत, कुलिंग टॉवरचं पाणी गार झाल्यावर, जवळजवळ पहिल्यासारखं चालायला लागतं. उन्हाळ्यात म्हातारं आणि पावसाळ्यात तरुण होणारं पॉलिमर अजून कोणी बनवलेलं नाही. बिघाड दुसरीकडे असतो आणि बोल मेम्ब्रेनला लागतो.

कोल्हापूर परिसरातल्या बहुतेक डिस्टिलऱ्यांत इथेनॉलमधलं शेवटचं पाणी काढायला ३ ए मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र दाणे) वापरतात. पॉलिमर मेम्ब्रेन, म्हणजे ठरावीक रेणूंनाच जाऊ देणारा पातळ पडदा, त्या मानाने कमी ठिकाणी दिसतं. ते भेटतं ते इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सुकवणाऱ्या काही युनिटमध्ये आणि कॉलेज-विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत. हा लेख अशा युनिटवरच्या केमिस्टसाठी आणि पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मेम्ब्रेन खरंच म्हातारं झालंय का, झालं असेल तर कोणत्या प्रकारे, आणि आता काय करायचं, एवढंच इथे बघायचं आहे.

आधी थोडं काम समजून घेऊ

इथेनॉल आणि पाणी साध्या उर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांपर्यंतच वेगळं होतं. तिथे दोघांची वाफ आणि द्रव एकाच प्रमाणात येतात, कॉलम कितीही उंच केला तरी. मेम्ब्रेन ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवतं. एका बाजूला गरम द्रव, म्हणजे फीड, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम. पाण्याचे रेणू पॉलिमरमध्ये विरघळतात, त्यातून सरकतात आणि पलीकडे वाफ होऊन निघतात. याला परव्हेपोरेशन म्हणतात. हे नाव १९१७ पासून आहे. कारखान्यात वापरण्याजोगं मेम्ब्रेन मात्र १९८०च्या दशकात आलं आणि फ्रान्समधल्या बेतेनीव्हील इथे १९८८ साली दिवसाला दीड लाख लिटरचं युनिट उभं राहिलं.

ते मेम्ब्रेन तीन थरांचं असतं आणि आजही घडण तीच आहे. वर क्रॉसलिंक केलेल्या (साखळ्या एकमेकींना जोडून जाळी केलेल्या) पीव्हीएचा, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, एक-दोन मायक्रॉनचा पापुद्रा. खाली पॅनचा, म्हणजे पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचा, सच्छिद्र थर. सगळ्यात खाली पॉलिएस्टरची न विणलेली जाळी, जी हाताला नमद्यासारखी लागते. वेगळं करण्याचं सगळं काम वरचा पापुद्रा करतो, पण वय तिन्ही थरांना होतं आणि प्रत्येकाचं वेगळं.

दुसरा गट उलट काम करतो. पीडीएमएस, म्हणजे सिलिकॉन रबर, पाण्याऐवजी अल्कोहोल जाऊ देतं. आंबलेल्या वॉशमधून थेट अल्कोहोल काढण्याच्या प्रयोगांत ते वापरतात. याची निवडक्षमता, म्हणजे एकाला जाऊ देऊन दुसऱ्याला अडवण्याची ताकद, माफक असते, इथेनॉल-पाण्यासाठी साधारण ५ ते १०. पीटीएमएसपी नावाचं पॉलिमर यापेक्षा सरस आकडे देतं, पण त्याचं वय फार झपाट्याने होतं. ते पुढे येईलच.

पायरी १: खोटं म्हातारपण बाद करा

मेम्ब्रेनला हात लावण्याआधी तीन गोष्टी तपासा. याच क्रमाने.

पहिली, पर्मिएट बाजूचा दाब. पाणी पलीकडे ढकलणारा जोर म्हणजे फीडमधल्या पाण्याचा वाफदाब वजा पर्मिएट बाजूचा पाण्याचा दाब. ९५ अंश सेल्सियसला वजनी ९० टक्के इथेनॉलमध्ये पाण्याचा वाफदाब साधारण ३७० मिलिबार असतो. तिथे पर्मिएट बाजूला १० च्या जागी ३० मिलिबार झाले तरी पहिल्या मॉड्यूलला फारसं जाणवत नाही. पण शेवटच्या मॉड्यूलमध्ये इथेनॉल ९९.५ टक्क्यांवर पोचलेलं असतं आणि तिथे पाण्याचा वाफदाब उरतो जेमतेम २६-२७ मिलिबार.

आता कंडेन्सर बघा. पर्मिएटचं कंडेन्सेट ७ अंशाला असेल तर पाण्याचा वाफदाब १० मिलिबार. चिलर दमला आणि ते १५ अंशावर गेलं तर १७. म्हणजे शेवटच्या मॉड्यूलचा जोर १६-१७ वरून १० च्या खाली आला. ढोबळमानाने ४० टक्के घट, आणि मेम्ब्रेनला काहीही झालेलं नाही. कोणी चिलर बंद करून नुसतं टॉवरचं पाणी फिरवलं आणि ते मे महिन्यात २८ अंशाला असलं, तर दाब ३८ मिलिबारच्या खाली येणारच नाही. अशा वेळी शेवटचं मॉड्यूल काम करणं सोडून देतं. 'शेवटचं मॉड्यूल गेलं' ही तक्रार आली की आधी कंडेन्सेटचं तापमान विचारा.

इथे कोल्हापूरची एक खास गोम आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे हवेचा दाब साधारण ९५० मिलिबार, म्हणजे सुमारे ७१० मिलिमीटर पारा एवढाच असतो. साधा बोर्डन व्हॅक्यूम गेज हवेच्या तुलनेत वाचतो. त्यामुळे त्यावर ७६० कधीच दिसणार नाही, आणि ७०० दिसले तर ते वाईट नसून उत्तम व्हॅक्यूम आहे. पुस्तकातला किंवा मुंबईहून आलेल्या मॅन्युअलमधला गेजचा आकडा इथे पाळू नका. निरपेक्ष दाब दाखवणारा गेज बसवा. पिरानी गेज असेल तर तो हवेवर कॅलिब्रेट केलेला असतो आणि वाफेत चुकीचा आकडा देतो, म्हणून कपॅसिटन्स गेज बरा. महाग पडतो, पण मेम्ब्रेनपेक्षा स्वस्त.

दुसरी, तापमान. ७० अंशाच्या आसपास एका अंशाने फ्लक्स (दर चौरस मीटरमधून तासाला जाणारा पर्मिएट) साधारण ४ ते ५ टक्के बदलतो. थर्मोवेलमध्ये तेल वाळलं आणि सेन्सर दोन अंश जास्त दाखवायला लागला, की १० टक्के 'म्हातारपण' आयतं तयार. शिवाय पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता फीडमधूनच जाते, एक किलो पर्मिएटला सुमारे २३०० किलोज्यूल. त्यामुळे मॉड्यूलच्या आतलं तापमान प्रवेशद्वारापेक्षा कमी असतं. नेहमी दोन्ही टोकांचं तापमान नोंदवा. दोन मॉड्यूलच्या मधल्या हीटरच्या नळ्यांवर खवले बसले असतील तर त्याचाही ठपका मेम्ब्रेनवरच येतो.

तिसरी, फीडमधलं पाणी. कॉलम चांगला चालला आणि फीड ९४ ऐवजी ९५ टक्के आलं, तर पर्मिएट कमी होणारच. ही चांगली बातमी आहे, पण लॉगबुकात ती वाईट दिसते. म्हणून नुसता फ्लक्स लिहू नका. पाण्याचा फ्लक्स भागिले दाबातला फरक, म्हणजे पर्मिअन्स, लिहा. महिन्यामहिन्याची तुलना त्या आकड्यावर करा. खरं म्हातारपण असेल तर ते तिथे दिसेल, आणि तिथे काही दिसत नसेल तर मेम्ब्रेन बदलण्याचा प्रस्ताव फाडून टाका.

पायरी २: छोट्या सेलवर पायाभूत नोंद

मॉड्यूल उघडून तुकडा काढणार असाल किंवा प्रयोगशाळेत नव्या मेम्ब्रेनवर काम करणार असाल, तर एक सपाट सेल लागेल. ३१६ स्टेनलेस स्टीलचे दोन भाग, मध्ये सच्छिद्र स्टीलची चकती, वर ३०० मिलिलिटर फीड मावेल असं भांडं. शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं काम करणारे असा सेल ड्रॉइंगवरून बनवून देतात. ओ-रिंग ईपीडीएमची किंवा टेफ्लॉनने मढवलेली घ्या. नायट्राइल रबराची रिंग गरम अल्कोहोलमध्ये फुगते आणि काही दिवसांत गळते. उघडा भाग ५ सेंटिमीटर व्यासाचा ठेवला तर क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००१९६ चौरस मीटर.

मेम्ब्रेन बसवताना चकचकीत बाजू फीडकडे, नमद्यासारखी बाजू व्हॅक्यूमकडे. उलटं बसवलं तर पापुद्रा आधाराशिवाय ताणला जातो आणि पहिल्याच तासात फुटतो.

फीड: वजनी ९० टक्के इथेनॉल, १० टक्के पाणी. दुकानातलं डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. त्यात मिसळलेली द्रव्यं पॉलिमरमध्ये शिरून सगळे आकडे बिघडवतात. शुद्ध इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात टाका. इथेनॉलची वाफ हवेत ३.३ टक्के झाली की पेटू शकते, म्हणून बर्नर नको, वॉटर बाथच. व्हॅक्यूम पंपाचं तोंड खिडकीबाहेर काढा.

सेल ७० अंशाला, ढवळणी मिनिटाला ४०० ते ५०० फेरे, पर्मिएट बाजू ५ मिलिबार. पहिले तीन ते सहा तास आकडे घेऊ नका. कोरडं पॉलिमर द्रव पिऊन फुगायला तेवढा वेळ लागतो. सलग तीन वाचनांत ५ टक्क्यांहून कमी फरक आला की खरी नोंद सुरू. पहिल्या तासातल्या उतरत्या आकड्यांना 'एजिंग' म्हणणारे बरेच प्रबंध सापडतात. ते एजिंग नसतं, मेम्ब्रेन नुसतं फीडमध्ये रुळत असतं.

पर्मिएट कोल्ड ट्रॅपमध्ये गोठवायचा. ड्राय आइस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण उणे ७८ अंश देतं आणि पुरतं. लिक्विड नायट्रोजन मिळवणं इथे अवघड नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी त्याचे कॅन जिल्हाभर फिरतात. पण तो वापरायचा तर एक पथ्य पाळा: ट्रॅप नायट्रोजनमध्ये बुडलेला असताना त्यातून हवा कधीही वाहू देऊ नका. हवेतला ऑक्सिजन तिथे द्रव होतो आणि द्रव ऑक्सिजन अधिक इथेनॉल म्हणजे स्फोटक. आधी व्हॅक्यूम, मग नायट्रोजन. काढताना आधी नायट्रोजन खाली, मग व्हॅक्यूम सोडा.

दोन तासांत १.१८ ग्रॅम पर्मिएट आला असं धरू. फ्लक्स = ०.००११८ ÷ (०.००१९६ × २) = ०.३०१ किलो प्रति चौरस मीटर प्रति तास. पर्मिएटमध्ये ९६ टक्के पाणी असेल तर सेपरेशन फॅक्टर (निवडक्षमतेचा आकडा) = (९६ ÷ ४) ÷ (१० ÷ ९०) = २१६. या दोन तासांत फीडमधलं पाणी १० वरून साधारण ९.६ टक्के होतं, म्हणून सुरुवातीचं आणि शेवटचं मोजून सरासरी घ्या.

मोजमापातल्या दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्या वेगळ्या सांगायला हव्यात.

एक, रिफ्रॅक्टोमीटर. इथेनॉल-पाण्याचा अपवर्तनांक अल्कोहोल वाढेल तसा वाढतो, पण ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास शिखर गाठून पुन्हा उतरतो. म्हणजे एकाच आकड्याची दोन उत्तरं. पर्मिएटसाठी, जिथे पाणीच जास्त, हे साधन चालतं. ९० टक्के फीडसाठी मुळीच वापरू नका, तिथे कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजा.

दोन, पावसाळी हवा. जुलैत २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम पाणी असतं. सेलच्या खालच्या जोडातून मिनिटाला १०० मिलिलिटर हवा आत येत असेल, तर मिनिटाला १०० लिटर ओढणारा पंप ती सहज पचवतो आणि गेजवर जेमतेम १ मिलिबारचा फरक दिसतो. पण त्या हवेतलं पाणी ट्रॅपमध्ये गोठतं, तासाला ०.१३ ग्रॅम. वरच्या उदाहरणात खरा पर्मिएट तासाला ०.५९ ग्रॅम होता. म्हणजे फ्लक्स २२ टक्क्यांनी फुगला आणि निवडक्षमताही सुधारल्यासारखी दिसली! पावसाळ्यात मेम्ब्रेन 'सुधारलं' तर आधी गळती शोधा. सेलमध्ये मेम्ब्रेनच्या जागी स्टीलची कोरी चकती बसवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब किती वेगाने चढतो ते घड्याळ लावून बघा. ट्रॅप वजन करतानाही तोंड बंद ठेवून, तो खोलीच्या तापमानाला येऊ देऊन, बाहेरचं दव कोरड्या फडक्याने पुसूनच तराजूवर ठेवा. अर्धा तास जातो, जाऊ दे.

पायाभूत नोंद ५०, ६० आणि ७० अशा तीन तापमानांना करून ठेवा. निदानाच्या वेळी ती कामाला येते.

पायरी ३: वयाचे प्रकार

पहिला प्रकार भौतिक. काचेसारख्या कडक पॉलिमरमध्ये साखळ्या घाईघाईत गोठलेल्या असतात, मध्ये पोकळ्या राहिलेल्या. उसाच्या पाचटाची गंजी नवीन रचली की भुसभुशीत असते आणि महिन्याभरात आपोआप बसते, तसंच हे. कोणी दाबत नाही, तरी पोकळी कमी होते. फ्लक्स घटतो, निवडक्षमता टिकते किंवा किंचित वाढते. पीटीएमएसपी आणि २००४ साली पुढे आलेलं पिम-१ नावाचं पॉलिमर, ही याची ठळक उदाहरणं. पोकळी जितकी जास्त, तितकं बसणंही जास्त. आणि पापुद्रा जितका पातळ, तितका वेग जास्त. एक मायक्रॉनच्या खालचा थर आणि ५० मायक्रॉनची जाड फिल्म यांचं वय एका दराने होत नाही, म्हणून जाड फिल्मवर मोजलेलं आयुष्य पातळ मेम्ब्रेनला लावू नका.

ही घट वेळेच्या लॉगॅरिदमनुसार चालते. पहिल्या ते दहाव्या दिवसात जेवढी, साधारण तेवढीच पुढे दहाव्या ते शंभराव्या दिवसात. म्हणून वाचनं दर सोमवारी घेण्यापेक्षा १, ३, १०, ३० आणि १०० व्या दिवशी घ्या. आलेख सरळ रेषेत पडला तर भौतिक वय. पिम-१ किंवा पीटीएमएसपीचा तुकडा मिथेनॉलमध्ये बुडवून सावकाश सुकवला की तो बराचसा पूर्ववत होतो, गंजी पुन्हा पिंजल्यासारखा. मग घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पीडीएमएस रबरी असल्याने त्याला हा आजार होत नाही. त्याचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान (ग्लास ट्रान्झिशन) उणे १२५ अंशाच्या आसपास आहे.

पीव्हीएची गत मधली. कोरडं असताना ते साधारण ८५ अंशाखाली काचेसारखं, पण पाणी प्यालं की मऊ. चालू युनिटमध्ये त्याचं भौतिक वय फार महत्त्वाचं ठरत नाही. त्याला खरा धोका रासायनिक.

रासायनिक वय दोन उलट दिशांना जातं आणि घोळ तिथेच होतो. मळीपासूनच्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये थोडं अॅसिटिक आम्ल आणि अल्डिहाइड असतात. गरम, आम्लयुक्त फीडमध्ये पीव्हीएचे क्रॉसलिंक, मग ते एस्टर असोत वा ग्लुटराल्डिहाइडचे अॅसिटाल, हळूहळू तुटतात. जाळी सैल होते, पापुद्रा जास्त फुगतो, आणि फ्लक्स वाढतो. ऑपरेटर खूश. पण पर्मिएटमध्ये अल्कोहोल वाढलेलं असतं. म्हातारं मेम्ब्रेन मंदच होतं असं नाही, कधीकधी ते सढळ हाताने वाटायला लागतं. उलट दिशेला, मॉड्यूल कोरडं राहून जास्त तापलं तर पीव्हीएत आणखी जोड तयार होतात, फ्लक्स पडतो, निवडक्षमता चढते आणि पापुद्रा ठिसूळ होतो. असं मेम्ब्रेन पुढच्या थंड-गरम फेरीत तडकतं.

खालच्या पॅन थराचा शत्रू गरम कॉस्टिक. आम्ल मारायचं म्हणून फीडमध्ये कॉस्टिकचा हात सैल सोडला, की पॅनमधले नायट्राइल गट बदलायला लागतात. हे डोळ्यांना दिसतं: पांढरा थर आधी पिवळसर, मग नारिंगी-तपकिरी होतो. तुकडा काढलात तर पॉलिएस्टर जाळी कोपऱ्यातून सोलून बघा. निरोगी मेम्ब्रेन सोलायला नख मोडावं लागतं. अल्कलीने खाल्लेलं मेम्ब्रेन उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं निघून येतं.

फीडची आम्लता मोजताना पीएच मीटर ९० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवू नका, तो आकडा निरर्थक असतो. १०० मिलिलिटर नमुन्यात तेवढंच उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर घाला, फिनॉल्फ्थॅलिन टाका आणि ०.०१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. ५ मिलिलिटर लागले तर लिटरला ३० मिलिग्रॅम अॅसिटिक आम्ल. हा आकडा रोज लिहा. वाढला तर कॉलमवर उपाय करा, मेम्ब्रेनसमोर कॉस्टिक टाकून नव्हे.

तिसरा प्रकार म्हणजे घाण बसणं. याला वय म्हणणं चुकीचं, कारण ती निघू शकते. कॉलममधून उडून आलेले क्षार, पाइपचा गंज, फ्यूजल तेल (आंबवताना तयार होणारी जड अल्कोहोलं). पाणी कमी होत जातं तसे क्षार मेम्ब्रेनवरच साचतात. वॉशवर चालणाऱ्या पीडीएमएसवर फॅटी आम्लं आणि अँटीफोम बसतात.

चौथा यांत्रिक: सूक्ष्म छिद्र, तडे, गॅस्केटची गळती.

पायरी ४: निदान

पर्मिअन्स कमी, निवडक्षमता तीच किंवा वाढलेली: भौतिक वय, नाहीतर जास्त तापून झालेलं क्रॉसलिंकिंग. आलेख लॉगवर सरळ पडतो की एका दिवशी अचानक कोसळला, यावरून दोन्ही वेगळे ओळखा. अचानक कोसळला असेल तर त्या दिवशीचा तापमानाचा चार्ट काढा.

पर्मिअन्स कमी आणि धुतल्यावर परत आला: घाण.

पर्मिअन्स जास्त, निवडक्षमता कमी: सैल झालेली जाळी किंवा छिद्र. हे दोन वेगळे करणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण छिद्र असलेली एकच शीट बदलून भागतं आणि सैल जाळी म्हणजे सगळंच मॉड्यूल. इथे तीन तापमानांची जुनी नोंद काढा. सैल जाळीतूनही प्रवाह तापमानाबरोबर जोरात वाढतो. छिद्रातून जाणारा द्रव तापमानाला फारशी दाद देत नाही, त्यामुळे ५० अंशाला निवडक्षमता ७० अंशापेक्षाही वाईट दिसली तर छिद्राचा संशय घ्या.

खात्रीसाठी सेलमधल्या फीडमध्ये चिमूटभर मिथिलीन ब्लू टाका आणि तासभर चालवा. सेल उघडा, मेम्ब्रेन उलटं करा. वरची बाजू निळी होणारच, ती सोडून द्या. खालच्या पांढऱ्या जाळीवर बघा. रंगाची वाफ होत नाही, म्हणून तो पॉलिमरमधून वाफ होऊन येऊ शकत नाही. छिद्र असेल तर तिथून आलेला द्रव व्हॅक्यूममध्ये उडून जातो आणि रंग मागे राहतो, मोहरीएवढा गडद निळा ठिपका. कडेने वर्तुळात निळसर रेघ दिसली तर छिद्र नाही, ओ-रिंग गळते आहे.

सैल जाळीची खात्री फुगण्यावरून. तीन थरांच्या मेम्ब्रेनवर हे मोजू नका, कारण वजन जवळजवळ सगळं जाळीचं असतं. मोकळी फिल्म लागते. ९९ टक्के हायड्रोलाइझ केलेलं पीव्हीए ५ ग्रॅम, पाणी ९५ ग्रॅम, ९० अंशाला चार-पाच तास ढवळा. थंड झाल्यावर ०.५ ग्रॅम मॅलेइक आम्ल घाला (सफरचंदातलं मॅलिक नव्हे, मॅलेइक अॅनहायड्राइडच्या कुळातलं). फडक्यातून गाळून काचेवर अर्ध्या मिलिमीटरचा थर ओढा. सावकाश वाळल्यावर साधारण २० मायक्रॉनची फिल्म मिळते. ती १४० ते १५० अंशाला तासभर भट्टीत ठेवा. कोरडं वजन, मग ९० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास, वर टिपकागद लावून लगेच ओलं वजन. फरक भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर.

अशा पट्ट्या तीन बाटल्यांत ठेवा: एकीत नुसतं ९० टक्के इथेनॉल, दुसरीत लिटरला अर्धा ग्रॅम अॅसिटिक आम्ल घातलेलं, तिसरीत प्लांटचं खरं फीड. ६० अंशाला, दाब सोसणाऱ्या झाकणाच्या बाटल्यांत, वर चौथा हिस्सा जागा सोडून. ० , ७, १५, ३०, ६०, ९० व्या दिवशी दोन-दोन पट्ट्या काढा. घाई म्हणून १०० अंशाला नेऊ नका. तिथे वेगळीच रासायनिक क्रिया सुरू होते, जी प्लांटमध्ये कधी घडणारच नव्हती.

बदलायचं कधी?

सेपरेशन फॅक्टर २१६ वरून ५१ वर आला की अहवाल वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण हिशोब करा. पर्मिएटमध्ये ९६ ऐवजी ८५ टक्के पाणी, एवढाच त्याचा अर्थ. ९५ टक्के फीडपासून ९९.५ टक्क्यांचं एक टन इथेनॉल करताना साधारण ४७.५ किलो पाणी काढावं लागतं. त्याबरोबर आधी २ किलो अल्कोहोल जात होतं, आता सव्वाआठ-साडेआठ किलो जातं. तेही फुकट जात नाही, कॉलममध्ये परत येतं. खर्च वाढतो तो वाफेचा. याउलट पर्मिअन्स ३० टक्क्यांनी पडला तर माल ९९.५ च्या खाली अडकतो आणि टँकर परत येतो. म्हणून निवडक्षमतेची सावकाश घट सोसा, तिचा वेग मात्र बघत राहा. तीन महिन्यांत जेवढी पडली त्याच्या दुप्पट पुढच्या एका महिन्यात पडली तर जाळी सुटते आहे, नवीन संच मागवा.

बंद करताना आणि हंगामाबाहेर

मेम्ब्रेनचे सगळ्यात जास्त हाल चालू असताना नव्हे, बंद करताना होतात. क्रम असा: आधी फीड गार करा, मग पर्मिएट बाजूचा व्हॅक्यूम कोरड्या नायट्रोजनने सावकाश सोडा, आणि सगळ्यात शेवटी फीडचा दाब उतरवा. उलट केलं आणि पर्मिएट बाजूचा दाब फीडपेक्षा वर गेला, की पापुद्रा आधारापासून भाकरीसारखा फुगतो. ते फोड परत बसत नाहीत.

धुवायचं तर कोमट, स्वच्छ ९० ते ९५ टक्के अल्कोहोलने. पीव्हीएवर गरम पाणी, वाफ किंवा कॉस्टिक नको. पीडीएमएसला कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट चालतं.

गळीत हंगाम आटोपून युनिट महिनोन्‌महिने बंद राहणार असेल, तर एक ठरवा: ओलं ठेवायचं की कोरडं. ओलं ठेवायचं तर स्वच्छ अल्कोहोल भरून दोन्ही बाजू सील. कोरडं ठेवायचं तर नायट्रोजन सावकाश फिरवून सुकवा आणि नायट्रोजनखालीच बंद करा. अर्धवट रिकामं, झाकण सैल, आत जूनची दमट हवा, ही सगळ्यात वाईट अवस्था. पापुद्रा रात्री ओल घेतो, दुपारी सोडतो आणि दसऱ्यानंतर मोळी टाकायची वेळ येईपर्यंत त्यावर बारीक तड्यांचं जाळं पडलेलं असतं.

नवीन संच आला की त्याच बॅचचा तळहाताएवढा तुकडा तुलनेसाठी राखून ठेवा, पाकिटात, कोरडा, अंधारात. पाकिटावर उघडल्याची नव्हे, बनवल्याची तारीख लिहा. कडक पॉलिमरचं असेल तर ते कपाटातही बसत जातं, आणि दोन वर्षांनी तुलनेला काढलेला तो 'नवा' तुकडाही दोन वर्षांचाच असतो.